त्यांच्या श्वासाची जागल

पत्र

ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. आमच्या यांचं वय ४७, माझं ४२. सात एकर शेत आहे, कापूस आणि तूर. हे लग्नापासूनच घोरतात, पण दोन-तीन वर्षांपासून वेगळंच होऊन राहिलं आहे. जोरजोरात घोरतात आणि मग एकदम आवाज बंद. मी मनात आकडे मोजते. कधी पंधरा, कधी वीस, एकदा तीसपर्यंत गेले. मग खर्रकन श्वास घेतात, हातपाय झटकतात आणि पुन्हा घोरणं सुरू. सकाळी डोकं जड, दिवसभर चिडचिड. जिनिंगवर कापूस नेला की रांगेत ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगवरच डोळा लागतो. मागच्या महिन्यात फाट्यावरून येताना मोटरसायकल रस्त्याखाली उतरली, नशिबाने लागलं नाही. हे म्हणतात, रात्री शेत राखायच्या जागलीमुळे झोप होत नाही. पण जागल नसते तेव्हाही तेच. सासूबाई म्हणतात, "दिवसभर राबते बिचारा, झोपू दे त्याले. कशी गाढ झोप लागली पाय." बहीण म्हणाली की कुशीवर झोपवलं की हा त्रास जातो. कुशीवर केलं तर घोरणं खरंच कमी होतं, पण पाच-दहा मिनिटांत पुन्हा उताणे. मी रात्रभर त्यांना लोटत राहते आणि ते चिडतात, "तू काऊन मले रातभर लोटते?" दोन वर्षांत मला सलग झोप म्हणून नाही. कुशीवर झोपणं हा खरा इलाज आहे का? आणि माणूस रात्रभर कुशीवर राहावा कसा?

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा कुशीचा प्रश्न डोळ्यांत भरला, दुसऱ्यांदा मोटरसायकलची ओळ. म्हणून आधी मोटरसायकलचं बोलते.

ज्या माणसाचा बसल्या जागी डोळा लागतो, त्याने सध्या हँडल धरू नये. फाट्यापर्यंत जायचं असलं तरी मुलाला किंवा भावकीतल्या कोणाला चालवू द्या, यांनी मागे बसावं. जिनिंगला ट्रॅक्टर न्यायचा तर सोबत दुसरा चालवणारा हवा. एकट्याला जावंच लागलं आणि वाटेत झापड आली, तर गाडी कडेला लावून पंधरा-वीस मिनिटं पडून घ्यावं आणि मगच पुढे निघावं. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा टाकून किंवा डोळ्यांवर पाणी मारून ही झोप जात नाही. ती फक्त पुढच्या वळणापर्यंत लांबते. तपासणी होऊन इलाज लागू पडेपर्यंत एवढं पाळा, मग बाकीचं सावकाश करू.

आता तुम्ही मोजलेल्या आकड्यांकडे येते. ते वाया गेलेले नाहीत. झोपेत श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की वैद्यकात त्याला 'स्लीप ॲप्निया'चा एक झटका धरतात. तुम्ही मोजता पंधरा, वीस, तीस. मनातले आकडे घड्याळापेक्षा थोडे पुढेमागे होत असतील, तरीही हे साधं घोरणं नाही. सासूबाईंना हे प्रेमाने सांगा, कारण त्या मुलाच्या मायेपोटीच बोलतात. घोरणं म्हणजे गाढ झोप, हे आपल्याकडे घरोघरी धरून चालतात. प्रत्येक घोरणाऱ्याला हा आजार असतो असं नाही, हेही खरं. पण ज्याचा श्वास मधेच अडकतो, त्याची झोप रात्रभर तुटत असते. श्वास बंद झाला की रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू खडबडून उठतो, घसा मोकळा करतो आणि परत झोपतो. तासात असं वीस-तीस वेळा होत असलं तरी सकाळी माणसाला त्यातलं काही आठवत नाही. आठ तास बाजेवर पडून उठतो आणि थकलेलाच असतो.

हे का होतं, ते तुमच्या शेतातल्या वस्तूवरून सांगते. ओलिताचा लपेटा पाइप तुमच्याकडे असेलच. पाणी सोडलं की तो फुगतो, पाणी बंद केलं की चपटा होऊन पडतो. आपल्या घशाचा जिभेमागचा भाग तसाच आहे. त्याला हाडाची भिंत नाही, आजूबाजूचे स्नायू त्याला ताणून उघडा ठेवतात. झोपेत हे स्नायू सैल पडतात. त्यात माणूस उताणा असला की जीभ, पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग आपल्याच वजनाने मागे ढळतो आणि वाट बंद होते. वाट अरुंद असते तोवर घोरण्याचा आवाज येतो, पूर्ण मिटली की आवाज थांबतो. म्हणून ती शांतता घोरण्यापेक्षा वाईट. तुम्हाला शांततेनेच जाग येते, हे तुमचं शरीर बरोबर ओळखतं.

कुशीवर वळलं की जीभ मागे पडण्याऐवजी गालाच्या बाजूला कलते आणि वाट उघडी राहते. तुमच्या बहिणीने ऐकलेलं खरं आहे, आणि ते आजचं नाही. शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट या झोपेच्या संशोधकांनी १९८४ साली हे मोजून मांडलं. उताणं असताना श्वास अडकण्याचं तासाचं प्रमाण कुशीवरच्या प्रमाणाच्या निदान दुप्पट असेल, तर तो आजार 'स्थितीवर अवलंबून असलेला' समजावा, ही त्यांची व्याख्या आजही वापरतात. घशात वाट अडून ज्यांना हा आजार होतो, त्यांच्यात निम्म्याहून अधिक लोक या प्रकारात बसतात. कुशीवर केल्यावर यांचं घोरणं कमी होतं हे तुम्ही स्वतः पाहिलंय, तेव्हा यांचंही तसं असण्याची बरीच शक्यता आहे. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, खरा इलाज आहे, पण काही लोकांपुरता. आणि आपला माणूस त्यांत मोडतो का, हे आवाजावरून पक्कं ठरत नाही.

इथे थोडं थांबते, कारण फसगत इथेच होते. कुशीवर आवाज कमी होतो, बायको निश्चिंत होते, पण श्वास मात्र हळू आवाजात अडकतच राहतो, असं बऱ्याच जणांत घडतं. शिवाय स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल पडतात आणि त्रासही वाढतो. रात्री दहा-अकराला पाहिलं तर सगळं ठीक दिसतं आणि चार वाजता वेगळंच चाललेलं असतं. म्हणून एक काम करा, तेही न जागता. एका रात्री नेहमीसारखं झोपू द्या. मोबाइल चार्जिंगला लावून त्यांच्या उशापासून हातभर लांब ठेवा आणि आवाज रेकॉर्ड करणं सुरू करून तुम्ही झोपा. दुसऱ्या रात्री, खाली सांगते ती युक्ती करून कुशीवर झोपवा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. सकाळी दोन्हींतला अकराच्या सुमाराचा आणि चारच्या सुमाराचा दहा-दहा मिनिटांचा तुकडा ऐका. कुठे घोरणं थांबलं आणि किती वेळाने खर्रकन श्वास आला, ते कागदावर लिहा. यातून निदान होत नाही, पण डॉक्टरसमोर हा कागद आणि हे रेकॉर्डिंग फार कामाचं ठरेल.

कोरोनात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात असेल तर एक सांगून ठेवते. सकाळी उठल्यावर तो ९७-९८ दाखवेल आणि हे म्हणतील, "पाय, काही नाही." जागेपणी प्राणवायू ठीकच असतो. हा आजार झोपेतला आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, माणूस कुशीवर राहावा कसा. जगभर याची जुनी युक्ती म्हणजे टेनिसचा चेंडू. झोपताना घालायच्या कपड्याला पाठीच्या बाजूने खिसा शिवायचा आणि त्यात चेंडू ठेवायचा. उताणं झालं की टोचतो आणि माणूस झोपेतच वळतो. चेंडू गावात मिळेल, पोरं क्रिकेटला तोच वापरतात. पण ढगळ बनियनवर शिवू नका. ढगळ कपड्यात चेंडू सरकत बगलेत येतो आणि मग कुशीवरच टोचतो. अंगाला घट्ट बसणारा अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट घ्या. जुन्या लुगड्याची एक वीत रुंद पट्टी दोन्ही खांद्यांच्या हाडांमध्ये, मणक्याच्या रेषेवर उभी शिवा आणि आडव्या टाक्यांनी तिचे दोन कप्पे करा. प्रत्येक कप्प्यात एकेक चेंडू घालून वरचं तोंड टाक्याने बंद करा, नाहीतर रात्री चेंडू बाजेखाली गेलेला सापडतो. चेंडूऐवजी गोटा, लाकडाचा तुकडा, सरकीची घट्ट बांधलेली पुरचुंडी असं काही घालू नका. पाठीवर वळ उठतील आणि तिसऱ्या दिवशी टी-शर्ट खुंटीला लागेल.

खरं सांगायचं तर चेंडूचा टी-शर्ट बहुतेक वेळा खुंटीलाच लागतो. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात चेंडूचा उपाय दिलेल्या रुग्णांना सरासरी अडीच वर्षांनी विचारलं, तेव्हा तो अजून वापरणारे शंभरात सहाच निघाले. हा अभ्यास २००९ साली छापून आला. आणखी तेराएक जणांनी सांगितलं की आता चेंडूची गरज नाही, उताणं न झोपण्याची सवयच लागली. बाकीच्यांनी ना चेंडू ठेवला ना सवय. टोचतो, झोप मोडते, पाठ दुखते, ही त्यांची कारणं. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना दुसरी युक्ती आधी सांगते.

पोराचं जुनं दप्तर असेल ना घरात, दोन्ही खांद्यांना अडकवायचं? ते घ्या. त्यात कापूस किंवा जुनी लुगडी कोंबून कोंबून भरा, दाबलं तरी फार बसू नये इतकी. वजन नको, आकार हवा. पाठीवर अडकवून दोन्ही पट्टे छातीसमोर कापडाच्या बंधाने सैलसर बांधा, म्हणजे खांद्यावरून घसरणार नाहीत. बंध गळ्याजवळ येऊ देऊ नका आणि छाती आवळू नका, बंध आणि छातीमध्ये तुमची चार बोटं सहज जायला हवीत. दप्तर पाठीवर असताना माणूस उताणा होऊच शकत नाही, आणि चेंडूसारखं टोचतही नाही. पहिल्या दोन-तीन रात्री त्यांना विचित्र वाटेल, पोरं हसतील. पोरांना आधीच सांगून ठेवा की बाबाचा श्वास अडकतो, त्याचं हे औषध आहे. आमच्याकडे असलं काही पाठीवर बांधून झोपायला पुरुषमाणसाला लाज वाटते, आणि लाजेपायी इलाज सुटतो. हे मी पाहिलंय.

दप्तर असो की चेंडू, बाज ढिली असेल तर काही उपयोग नाही. झोळी झालेल्या बाजेत माणूस मधल्या खड्ड्यात घसरतो आणि कुशीवर टिकत नाही, मणका वाकडा होतो तो वेगळाच. पायथ्याची दोरी ओढून बाज ताठ करा किंवा काही दिवस खाली सतरंजी-गादीवर झोपवा. उशी अशी हवी की खांदा आणि कान यांच्यामधली जागा पुरी भरेल, म्हणजे डोकं खाली लोंबणार नाही आणि वरही उचललं जाणार नाही. एक पातळ गोधडी गुंडाळून दोन्ही गुडघ्यांमध्ये द्या, कंबरेवरचा ताण जातो आणि वरचा पाय पुढे पडून माणूस पालथा होत नाही. पाठीशी लोड लावला तर आणखी बरं. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन आणि फावडं मारून ज्यांचे खांदे दुखतात, त्यांना एकाच कुशीवर रात्र काढणं जमत नाही. खालचा हात अंगाखाली दाबून न ठेवता पुढे सोडायचा आणि मधूनमधून कूस बदलायची. डावी की उजवी, याचा फार विचार करू नका. जेवणानंतर जळजळ होत असेल तर डावी बरी. आपली वामकुक्षी डाव्या कुशीचीच आहे. श्वासाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की पाठ टेकू नये.

आपल्या भागासाठी आणखी एक. उन्हाळ्यात माणूस उताणा झोपतो तो बहुतेक उकाड्यामुळे, हातपाय पसरले की अंगाला वारा लागतो. कूलर पायथ्याशी किंवा डोक्याशी न ठेवता ज्या बाजूला तोंड करून झोपायचं त्या बाजूला ठेवा, म्हणजे वाऱ्याकडे तोंड करण्यासाठी तरी ते कुशीवर राहतील. साधी गोष्ट आहे, पण मे महिन्यात दप्तरापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

आणि जागल. रोही आणि रानडुकरं रात्रीतून उभं पीक लोळवतात, तेव्हा जागल सोडा असं मी म्हणणार नाही. पण मचाणावर दप्तर बांधून झोपू नये, वळताना तोल जाऊन माणूस खाली येईल. जागलीच्या रात्री सोबत कोणीतरी असावं, पाळीपाळीने झोपावं आणि झोपण्याची पाळी खाली जमिनीवर घ्यावी. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास कुशीवर झोप भरून काढावी. दुपारच्या झोपेतही हा आजार असतोच, तेव्हा लिंबाखाली टाकलेल्या बाजेवरही उताणं नाही. जागलीमुळे थकवा येतो हे यांचं म्हणणं खोटं नाही. पण जागल नसतानाही तसंच होतं, हे तुम्ही लिहिलंत, आणि त्या एका वाक्याने मला पुष्कळ कळलं.

संध्याकाळी घेत असतील तर ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, म्हणून विचारत नाही, सांगते. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि मेंदूची उठवण्याची सूचनाही उशिरा येते, त्यामुळे श्वास जास्त वेळ बंद राहतो. झोप लागत नाही म्हणून मेडिकलमधून कोणी झोपेची गोळी आणून देत असेल तर तीही डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. नाक चोंदलेलं असेल तर त्याचा इलाज करून घ्यावा. पोट सुटलं असेल तर वजनाचंही बोलावं लागेल. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लोकांना वर्षानुवर्षं तपासून २००० साली छापलेल्या अभ्यासात दिसलं की वजन दहा टक्के उतरलं तर श्वास अडकण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने घटतं, आणि दहा टक्के चढलं तर साधारण तिसऱ्या हिश्श्याने वाढतं. नव्वद किलोच्या माणसाला याचा अर्थ नऊ किलो. वर्षभराचं काम आहे, दप्तर मात्र आजच्या रात्रीपासून करता येतं.

आता तपासणी. भूल देण्याआधी हा आजार ओळखता यावा म्हणून टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली आठ प्रश्नांची एक यादी केली. ती आता सगळीकडे वापरतात. मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा किंवा झोप, श्वास थांबलेला कोणी पाहिलेला असणं, रक्तदाब, फार जास्त वजन, पन्नाशीच्या पुढचं वय, जाड मान आणि पुरुष असणं, प्रत्येक 'हो'ला एक गुण. तुमच्या पत्रावरून यांचे चार गुण आत्ताच होतात. तीन-चार म्हणजे मध्यम धोका, पाच आणि पुढे म्हणजे मोठा. राहिलेल्यांपैकी मान तुम्ही घरीच मोजू शकता. शिंप्याकडची टेप घ्या, गळ्याच्या घाटीवरून फिरवा. चाळीस सेंटिमीटर म्हणजे पावणेसोळा इंचांच्या वर भरली तर आणखी एक गुण. रक्तदाब मोजायला उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तिथे फुकट तपासतात, आशाताईंना विचारलं की त्या दिवसही सांगतील.

रक्तदाबाचं मी जोर देऊन का सांगते, त्याला कारण आहे. माझे वडील असेच घोरायचे. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकलेल्या असत, त्यांचा आवाज शेजारच्या वाड्यापर्यंत जाई आणि आम्ही पोरं गोधडीत तोंड खुपसून हसायचो. मधेच आवाज थांबला की आई झोपेतच हात लांबवून त्यांच्या खांद्याला लावायची. ती मोजायची की नाही मला माहीत नाही, कधी विचारलं नाही. त्यांचा रक्तदाब कोणी मोजलाच नव्हता. एकसष्टाव्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, आणि पहिल्यांदा यंत्र लावलं ते त्या दिवशी. घोरण्यामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. पण ज्याचा श्वास रात्री अडकतो त्याचा रक्तदाब चढण्याची शक्यता जास्त असते, आणि चढलेला रक्तदाब औषधांनाही लवकर दाद देत नाही. लकवा आणि हृदयाच्या ठोक्यांची गडबड यांचाही या आजाराशी संबंध आहे. आईचा तो हात दिसत असताना आम्ही कोणी रक्तदाब मोजायला घेऊन गेलो नाही.

आजाराची खरी तपासणी म्हणजे झोपेत रात्रभर श्वास, प्राणवायू, ठोके आणि अंगाची स्थिती मोजणं. काही ठिकाणी त्यासाठी दवाखान्यात एक रात्र झोपवतात, काही ठिकाणी घरी झोपताना लावायचं लहान यंत्र देतात. तासाला पाच ते पंधरा अडथळे म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. स्थितीची नोंद करणारी तपासणी मागा, म्हणजे उताणं किती आणि कुशीवर किती हे वेगळं कळेल, आणि तुमच्या प्रश्नाचं पक्कं उत्तर तिथे मिळेल. यवतमाळला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पलीकडे वर्ध्याला सेवाग्राम आणि सावंगी, आणि नागपूर. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या विभागात आधी फोन करून विचारा, की झोपेची तपासणी होते का आणि कोणत्या दिवशी. दारव्ह्याहून एसटीने जाऊन 'पुढच्या सोमवारी या' ऐकून परत यायला नको.

तपासणीत कुशीवर श्वास बऱ्यापैकी मोकळा निघाला आणि आजार सौम्य किंवा मध्यम असला, तर कुशीचा इलाज डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे चालवता येतो. काही दिवसांनी कुशीवरच्या झोपेची पुन्हा तपासणी करून खात्री करायची, इतकंच. आजार तीव्र निघाला, कुशीवरही श्वास अडकत असला किंवा हृदयाचा त्रास असला, तर दप्तरावर भिस्त ठेवू नका. त्यासाठी नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र आहे, सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ते मांडलं. लपेटा पाइपात पाणी सोडलं की तो फुगून उघडा राहतो, तसाच हा हवेचा दाब घसा उघडा ठेवतो. यंत्र महाग आहे, वीज लागते, आणि आपल्याकडे रात्री लाईन जाते. तेव्हा घेताना इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर किती तास चालेल हे नक्की विचारा. काहींना खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं दातांचं साधन चालतं. पण खर्ऱ्याने ज्यांचं तोंड पुरतं उघडत नाही त्यांना ते बसवणं अवघड जातं. यांच्या तोंडात उभी तीन बोटं जातात का बघा. जात नसतील तर ती वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे, तीही डॉक्टरला दाखवा.

आता तुमच्याबद्दल. पत्रात तुम्ही स्वतःसाठी एकच ओळ लिहिलीत, दोन वर्षांत सलग झोप नाही. ताई, शेताची जागल करणारा माणूस पीक निघालं की मोकळा होतो. तुमची घरातली जागल बारा महिन्यांची झाली आहे. रात्रभर त्यांना वळवत राहणं हा इलाज नाही, आणि ते काम तुमचं नाही. दप्तर ते काम झोपेशिवाय करतं, त्याला करू द्या. पहिला आठवडा तुम्ही दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात सासूबाईंजवळ बाज टाका. भीती वाटेल, मला कळतं. पण ॲप्नियात श्वास अडकला की मेंदू स्वतःच माणसाला उठवतो, तुम्ही झोपलेल्या असताना ही दोन वर्षं तोच त्यांना उठवत आला आहे. तुम्ही जागं राहिल्याने त्यांचा आजार कमी होत नाही, तपासणीने होईल. मात्र कधी ते निळे पडलेले दिसले, हाक मारून आणि हलवून जागे झाले नाहीत, किंवा छातीत दुखतं म्हणाले, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.

आणि तपासणीला तुम्ही सोबत जा, त्यांना एकट्याला पाठवू नका. डॉक्टर विचारतील, "झोप कशी लागते?" आणि हे म्हणतील, "एकदम मस्त, पडलो की लागते." ते खोटं बोलणार नाहीत, झोपलेल्या माणसाला जे माहीत असतं तेच सांगतील. पंधरा, वीस आणि तीस हे आकडे फक्त तुमच्याकडे आहेत. ते कागदावर लिहून पदराला बांधून न्या आणि यांच्याआधी तुम्ही बोला.